सकाळचं विमान

आमच्या गल्लीत ही हकिगत चमत्कार म्हणून सांगितली जाते. सांगणारी पहिली माझी बायको, आणि तिच्याकडून ऐकलेल्या शेजारच्या चार बाया. कानबाईने यांचं विमान चुकवलं म्हणून भावाशी दोन शब्द बोलायला मिळाले, नाहीतर हे आभाळात असते आणि तो तिकडे गेला असता, असं त्या सांगतात आणि ऐकणारा हात जोडतो. मी तिथे असलो तर उठून आत जातो. मला राग येतो. देवीचा नाही, देवीवर रागावून पाहिलं, महिनाभर दिव्यात तेल घातलं नाही, तो राग टिकला नाही. राग येतो तो या गोष्टीच्या सुरुवातीचा, कारण सगळे ती चुकीच्या जागेपासून सुरू करतात. म्हणून एकदा मीच ती पहिल्यापासून लिहून काढायचं ठरवलं. मी लिहिणारा माणूस नाही. सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या मिलमध्ये तीस वर्षं गेली, अजून तिथेच रंगखात्यात पाळी सांभाळतो, आणि आजवर हातून लिहून झालं ते रंगांच्या मापाचे कागद एवढंच. तेव्हा जसं झालं तसं सांगतो.

आम्ही मूळचे खानदेशातले. वडील लूमवर काम करायला सुरतेला आले आणि लिंबायतमध्ये राहिले, ते आम्ही अजून तिथेच आहोत. कानबाई आमच्या कुळाची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते, एक रात्र बसते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. नारळाला डोळे आणि नथ लावून, साडी नेसवून, चौरंगावर बसवलेली ती बाई त्या एका दिवसापुरती घरची मालकीण असते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाची जाड पोळी लागते. रोटाचे गहू मोजायची आमची रीत अशी, की भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं नाव घेऊन. ते गहू वेगळे दळायचे. गिरणीला इकडे घंटी म्हणतात, आणि आमचा घंटीवाला त्या आठवड्यात खानदेशी घरांसाठी घंटी धुऊन पुसून ठेवतो. तो रोट घरच्यांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. ज्याची मूठ परातीत पडली त्याचा घास रोटात असतो, इतका साधा हिशेब आहे.

वडील गेल्यावर बाई माझ्या घरी बसू लागली, कारण मी थोरला. धाकटा भाऊ बापू साड्यांच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर होता. सात वर्षांपूर्वी त्याने तिथूनच जवळ डिंडोलीला स्वतःचं घर घेतलं आणि मला म्हणाला, दादा, एक वर्ष बाई माझ्याकडे बसू दे. नव्या घराला तिचे पाय लागतील. मागणी काही जगावेगळी नव्हती. मी म्हणालो, बाई थोरल्याच्या घरी बसते, ती भाडोत्री नाही घरं बदलायला. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. चारचौघांत मी ते पुन्हा म्हणूनही दाखवलं. बापू त्या वर्षी रोट खायला आला नाही. पुढच्या वर्षी गहू मोजताना बायकोने माझं नाव घेतलं, मग बापूचं नाव घेऊन मूठ भरली, तेव्हा मी तिचा हात धरला. जो रोटाला येत नाही त्याची मूठ कशाला, म्हणालो. तिने गहू परत पोत्यात टाकले. बापूची मूठ गेली तशी त्याच्या मुलाचीही गेली. आमच्या परातीत दोनच मुठी उरल्या, माझी आणि माझ्या मुलाची. पुढे पुतण्याला बंगलोरला नोकरी लागली, त्याच्यामागे बापू आणि त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, दोघंही गेली, आणि घर लांब पडलं म्हणून बोलणं बंद आहे असं लोकांना सांगायची मला सोय झाली.

मी धार्मिक माणूस. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, तेच तर दुखणं आहे. सोवळं, उपास, बाईचे नियम यांत माझ्याकडून कधी कसूर झाली नाही. घरातली मुलं गालातल्या गालात हसायची आणि म्हणायची, बाईपेक्षा यांनाच नियम जास्त माहीत आहेत.

गेल्या वर्षी रविवारी संध्याकाळी बाई बसली, आरती झाली, घरात माणसं मावत नव्हती आणि तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. सहा वर्षांत त्याने स्वतःहून केलेला पहिला. "मोठे पप्पा, पप्पांना हार्ट अटॅक आलाय. शनिवारपासून आयसीयूमध्ये आहेत. डॉक्टर म्हणतात जवळच्या माणसांना बोलवून घ्या." मग म्हणाला, "काल ते तुमचं नाव घेत होते. सकाळी आठचं सुरतहून डायरेक्ट विमान आहे. मी सीट बघितलीय. बुक करू?"

माझ्या तोंडातून काय निघालं ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणालो, "अरे, घरी बाई बसलेली आहे. ती उठल्याशिवाय मला गाव सोडता येणार नाही. दुपारचं बघ." वडिलांचं वाक्य होतं ते, बाई बठेल शे तोपर्यंत उंबरा सोडाना नही. पुतण्या "ठीक आहे, मोठे पप्पा" म्हणाला आणि दुपारी दोन पन्नासच्या विमानाचं तिकीट त्याने फोनवर पाठवलं. बायको माझ्या शेजारी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सकायलेच जा. बाईले आम्ही देखसूत." मी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती आत निघून गेली. मनात मी असाही हिशेब केला होता, की बाईचं सगळं यथासांग केलं तर तीच बापूला सांभाळेल. आपण तिचं करतो, ती आपलं करते. मिलमध्ये सुद्धा इतका रोखठोक व्यवहार मी कधी केला नव्हता.

सोमवारी सात वाजता बाई उठवायची, नऊपर्यंत तापीवर, दहाला घरी, अकराला निघायचं. विमानतळ काही फार लांब नाही, रस्ता मोकळा असला तर पाऊण तासात माणूस पोचतो. पण सात वाजता बँडवाले आलेच नाहीत. आठ वाजले तरी नाहीत. बायको म्हणाली, "टाळीवर लई जाऊत बाईले, उशीर करू नका." टाळ्या वाजवत गाणी म्हणत बाईला न्यायला काहीच हरकत नव्हती, आमच्या आईच्या वेळी तसंच नेत असत. पण मी हटून बसलो. सगळ्या गल्लीच्या कानबाया वाजत गाजत जाणार आणि आमचीच मुकी जाणार, हे मला पटेना. साडेआठला बँड आला. नदीवर रांग होती. वाटेत एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत मागे लागला होता, कुणाला तरी दवाखान्यात डबा द्यायचा आहे म्हणत होता, त्याला मी दरडावलं, आज बाईचा रस्ता आहे, थांबायचं. घरी परत यायला पावणेबारा झाले.

कपड्यांची पिशवी बायकोने भरून ठेवली होती. निघताना तिने रोटाचा एक तुकडा केळीच्या पानात गुंडाळून पिशवीत ठेवायला घेतला. "भाऊंच्या तोंडाला लावा," म्हणाली. आणि मी, भाऊ मरणाच्या दारात आहे हे ठाऊक असलेला मी, तिला म्हणालो, "परातीत त्याची मूठ नाही. मूठ नाही त्याला रोट कसा द्यायचा?" तिने ते पान तसंच हातात धरून ठेवलं. हे लिहिताना मला कुठे तोंड लपवावं कळत नाही, पण हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

रिक्षावाला ओळखीचाच होता. निघतानाच त्याने सांगितलं, "चाचा, आज आपकी माताजी का दिन है, गरनाले पे फँसेंगे." गरनाळा म्हणजे रेल्वेखालचा बोगदा, लिंबायतमधून बाहेर पडायचा तोच रस्ता. आणि फसलोच. बोगद्याच्या तोंडाशी तीन घरांच्या कानबाया अडकल्या होत्या, प्रत्येकीपुढे बँड, प्रत्येकीपुढे फुगड्या. अर्धा तास तिथे गेला. पुढे उधन्याला मेट्रोच्या कामाचे पत्रे लावून रस्ता अर्धा केलेला, त्या अर्ध्या रस्त्यात आणखी एक मिरवणूक. एक बाई डोक्यावर चौरंग घेऊन रिक्षाच्या अगदी समोर उभी होती. नारळाच्या तोंडावरचे चांदीचे डोळे माझ्याकडे बघत होते. सवयीने माझे हात जोडले गेले आणि मनात मी तिला इतकं वाईट बोललो की ते इथे लिहिता येणार नाही. मग उतरून ओरडलो, रस्ता द्या, माझं विमान आहे, माझा भाऊ दवाखान्यात आहे. गुलालाने माखलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाबा, आज बाईना रस्ता शे. पाच मिनिटं थांब." सकाळी मीही हेच म्हणालो होतो. म्हाताऱ्याने माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि मी परत रिक्षात जाऊन बसलो.

विमानतळावर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि आत सोडलं. काउंटरवरच्या मुलीने फोन फिरवून विचारलं आणि मान हलवली. "काका, गेट बंद थई गयो छे." ती चांगल्या आवाजात बोलली, दोनदा सॉरी म्हणाली, दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं विमान आहे असंही सांगितलं. सकाळी आठचं, म्हणजे तेच. मी काही भांडलो नाही. भांडायला समोरच्या माणसाची चूक असावी लागते.

तिथल्या खुर्चीवर जाऊन बसलो. फोन हातात होता, पण पुतण्याला काय सांगणार? विमान का चुकलं, तर बँड उशिरा आला म्हणून. तीन वाजायला आले असावेत. एका पन्नाशीच्या बाईने लांब दांड्याच्या फडक्याने फरशी पुसत पुसत माझ्यापर्यंत येऊन पाय वर घ्यायला सांगितलं. मी पाय उचलले. ती पुसायची थांबली, माझ्या कपाळावरचा गुलाल बघून ओळखीचं हसली आणि अहिराणीत म्हणाली, "कानबाई उठनी का तुमनी?"

परक्या जागी आपली बोली ऐकली की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला तर ती थप्पड वाटली. मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "मनी आजून घरमा बठेल शे. सून नेई संध्याकाये. माले ड्युटी व्हती, मी सकाये पाया पडीसन वनू."

मला खरंच धक्का बसला. घरची बाई बसलेली असताना ही घराबाहेर पडून फरशी पुसायला आली होती. माझ्यातला नियमवाला इतकं होऊनही मेला नव्हता, तो लगेच म्हणाला, "बाईले सोडीसन वन्यात तुम्ही?" ती जरासुद्धा ओशाळली नाही. "बाई कोठे जास? ती शे तठेच. तिले समजस सगळं." आणि दुसऱ्या खुर्चीखाली फडकं घातलं.

एवढं बोलून ती पुढे गेली असती तर मीही तसाच बसून राहिलो असतो. पण माझ्याच्याने राहवलं नाही. रडू आलं असं म्हणत नाही, पण मी तिला सगळं सांगून टाकलं, भाऊ, आयसीयू, सकाळचं विमान, बँड. रोटाचं नाही सांगितलं, तेवढी लाज होती. ती दांड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. तिने हाय हाय केलं नाही, बाईची मर्जी असंही म्हणाली नाही. म्हणाली, "इमान गयं तं गयं. फोन तं शे ना हातमा." मी म्हणालो, त्याच्या तोंडाला मास्क आहे, तो बोलू शकत नाही. तेव्हा ती वैतागली, लहान मुलावर वैतागावं तशी. "त्याले कोण बोल म्हनस? तुम्ही बोला. कान तं शेतस ना त्याले."

तिच्या समोरच मी फोन लावला. पुतण्याने पहिल्याच घंटीला उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मोठे पप्पा, मी आत आहे, पप्पांजवळ. तीन ते सव्वातीन भेटायला सोडतात, आत्ताच आत आलो. तुम्ही विमानात नाही?" मी खोटं बोललो नाही. चुकलं म्हणालो. त्याने उसासा टाकला तो ऐकू आला. मी म्हणालो, फोन त्याच्या कानाला लाव. "ते झोपेत आहेत," म्हणाला. लाव, म्हणालो.

लावला असावा, कारण मशीनचा टिक टिक आवाज एकदम जवळ आला. सहा वर्षं भावाशी बोललो नव्हतो आणि आता बोलायला समोर फक्त तो आवाज होता. विमानतळावर इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं बॅगा ओढत चालली होती आणि मी मोठमोठ्याने आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो. म्हणालो, "बापू, मी दादा. सहा वरीस मी तुनी मूठ टाकी नही. मनी चूक व्हयनी रे. बाई तुना घर बसाले पाहिजे व्हती. मी येस सकाये. तू थांब." आणखीही बोललो असेन, आठवत नाही. मग पुतण्याचा आवाज आला. "मोठे पप्पा, डोळे उघडलेत त्यांनी. फोनकडे बघतायत." मी विचारलं, काही म्हणतोय का? म्हणाला, "नाही. बघतायत नुसते." मग कुणीतरी वेळ झाली सांगितलं आणि फोन बंद झाला.

मी वर पाहिलं तेव्हा ती बाई पार दुसऱ्या टोकाला फरशी पुसत होती. तिला हाक मारायचं सुचलं नाही.

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना बापू गेला. मी तेव्हा परतीच्या रिक्षात होतो. दोन पन्नासचं विमान त्या वेळी नुकतं बंगलोरला उतरलं असेल, आणि तिथून दवाखाना पुढे तासाभरावर. म्हणजे त्या विमानात बसलो असतो तर तीन वाजता माझा फोन बंद असता, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. गल्लीतल्या बायांचा चमत्कार तो हा. हिशेब बरोबर आहे, मी तो हजार वेळा करून पाहिला आहे. माझी बायको तर म्हणते फरशी पुसणारी ती कानबाईच होती. मी म्हणतो, नाही. तिच्या पायाच्या शिरा सुजलेल्या होत्या आणि कमरेला डिंडोलीतल्या कुठल्याशा दुकानाची प्लास्टिकची पिशवी खोचलेली होती. ती ड्युटीवर आलेली कुणाची तरी सासू होती. तिला देवी म्हटलं की मी तिचं देणं लागत नाही, म्हणून मी तिला माणूसच राहू देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या विमानाने गेलो. रस्ते रिकामे होते, रिक्षा पस्तीस मिनिटांत पोचली. खिडकीशी बसलो होतो, दोन तासांत उतरलो, आणखी तासाभरात दवाखान्याऐवजी घरी. वाटेत कुठेही क्षणभर अडकलो नाही. एक दिवस आधी हेच विमान धरलं असतं, तर सोमवारी अकरा वाजता मी दवाखान्यात असतो, आणि तीन वाजता बापूच्या उशाशी, त्याचा हात धरून. पुतण्याने सगळं माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. बापूला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, चेहरा वडिलांसारखा झाला होता. मी त्याच्या कानाशी वाकलो, पण बोलायचं ते काल बोलून झालं होतं.

तेराव्यापर्यंत मी तिथेच राहिलो. वहिनी माझ्याशी एक शब्दही वाकडा बोलली नाही, ते मला जड जात होतं. तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवून उघडला. आत पीठ होतं, पिवळसर, जाडसर दळलेलं. ते मी डोळे मिटूनही ओळखलं असतं.

"दादा, हे यंदाच्या रोटाचं पीठ," ती म्हणाली. "आमच्याकडे बाई बसत नाही, ती तुमच्याकडेच. पण हे दर वर्षी त्या रविवारसाठी गहू मोजायचे. इथे कोण घंटी धुऊन देणार, म्हणून मिक्सरवर दळायचो. शनिवारी सकाळी यांनी गहू मोजले, दुपारी छातीत दुखायला लागलं. रविवारी करायचा राहिला."

मी विचारलं, किती मुठी? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"चार. पहिली तुमची. थोरल्यापासूनच मोजायचे ना. मग यांची, मग तुमच्या मुलाची, मग याची." तिने पुतण्याकडे बोट दाखवलं. "सहाही वर्षं अशीच. मी एकदा म्हटलं, ते तुमची टाकत नाहीत, तुम्ही कशाला टाकता. तर म्हणाले, त्याने नाही टाकली म्हणून तो माझा दादा नाही का?"

पौर्णिमा केव्हाच होऊन गेली होती. रीतीप्रमाणे तो रोट आता खायचा नव्हता, नदीत सोडायचा होता. सुतकातल्या घरात पडून राहिलेलं पीठ, त्यात मेलेल्या माणसाची मूठ, माझ्याजवळ नियमांची यादी तयार होती आणि तोंड उघडलं असतं तर ती बाहेर आली असती. मी म्हणालो, वहिनी, तवा ठेवा. तिने चार जाड पोळ्या केल्या. पुतण्या, वहिनी आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून खाल्ल्या. माझ्या मुलाचा वाटा मी सुरतेला आणला आणि तो खाईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलो. पिठाला किंचित कडवट वास येत होता. मी एकही कण सांडू दिला नाही.

यंदा बापूचं वर्ष व्हायचं असल्यामुळे बाई बसवली नाही. पुढल्या श्रावणात ती बंगलोरला पुतण्याच्या घरी बसेल, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे. भाऊबंदांनी भुवया उंचावल्या. एकाने विचारलंही, बाई काय भाडोत्री आहे का घरं बदलायला? माझंच वाक्य, माझ्याच कानात परत आलं. मी त्याला म्हणालो, ती भाडोत्री नाही, मालकीण आहे, मालकीण कुठेही जाते. परातीत आता तीन मुठी पडतील. बापूची पडणार नाही, कारण गेलेल्याची मूठ टाकत नाहीत. तो होता तेव्हा मी टाकली नाही, आणि आता टाकायची म्हटली तरी टाकता येत नाही. या नियमावर मात्र माझा इलाज नाही.

शरण जाणं म्हणजे काय, हे मी आयुष्यभर कीर्तनांत ऐकलं आणि मान डोलावली. मला वाटायचं, नियम घट्ट धरून ठेवले की माणूस शरण गेला. मी बाईचं सगळं धरून ठेवलं, चौरंग, बँड, उंबरा, फक्त तिच्यावर भरवसा तेवढा ठेवला नाही. फरशी पुसणाऱ्या त्या बाईने तो ठेवला होता, म्हणून ती पाया पडून कामावर जाऊ शकली. त्या पंधरा मिनिटांबद्दल मी रोज हात जोडतो. बापूने डोळे उघडले होते, हे मला मरेपर्यंत पुरेल, आणि तेवढंही माझ्या लायकीपेक्षा जास्तच मिळालं. पण गल्लीतल्या बाया म्हणतात तसं, बाईने माझं विमान चुकवलं, असं मला म्हणता येत नाही. दिव्यात तेल घालताना मी तिला रोज एवढंच सांगतो, की बाई, तू तर रविवारी संध्याकाळीच आली होतीस, पोराच्या आवाजात, सकाळच्या विमानाचं तिकीट घेऊन. घरी बाई बसलेली आहे, असं सांगून मीच तुला परत पाठवलं.